दोष वायरिंगचा नव्हता

मित्रांनो, मी एक जुना सॉकेट आहे. ट्रॅक्टरच्या पाठीमागे, ट्रॉली अडकवायच्या हुकाशेजारी झाकणाची एक गोल लोखंडी डबी असते ना, तोच मी. ट्रॉलीच्या वायरची पिन माझ्यात बसवली की मागचे लाल दिवे लागतात. माझे काम एवढेच.

१९८३ साली सहदेव वायरमनने मला विठूशेटच्या ट्रॅक्टरवर बसवले. मुंबईच्या गॅरेजात बारा वर्षे राबून तो गावी परतला होता आणि निवळीला त्याने छोटे दुकान टाकले होते. घाईचे काम त्याला जमतच नसे. त्याने रंग खरवडून अर्थिंगची तार लोखंडाला भिडवली, एकेक तार आवळून, ओढून पाहिली. मग बायकोला, सुनंदाला, ट्रॉलीमागे उभे केले.

"डावा लागला?"

"लागला!"

"आता ब्रेक दाबतो. दोन्ही लाल?"

"दोन्ही! लालभडक!" ती हसत ओरडली.

त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला.

विठूशेटची जांभ्या दगडाची खाण होती. तिथले चिरे आम्ही मिरकरवाडा बंदरावर नेत असू. ड्रायव्हर होता गंगाराम. पहिले वर्ष त्याने मला नीट सांभाळले. पुढच्या दिवाळीनंतर मात्र एकदा ट्रॉली सोडताना पिन काढायला तो विसरला आणि ट्रॅक्टर तसाच पुढे घेतला. पिनेच्या आतल्या तारा उपसून निघाल्या आणि ती वायरच्या नुसत्या वेष्टणाला लोंबू लागली. लोंबणारी पिन त्याने सुतळीने ट्रॉलीला बांधून टाकली.

सहदेवने ते पाहिले. "शेट, ट्रॉली दुकानात पाठवा. अर्ध्या तासाचां काम हाय."

"आम्ही दिवसा चिरे वाहतो रे," शेट म्हणाले. "दिव्यांचं काय एवढं? शिमगा होऊ दे, मग बघू."

सहदेवने आणखी दोनदा सांगितले. दोन्ही वेळा तेच उत्तर मिळाले.

जानेवारीतली गोष्ट. दिवेलागणीच्या सुमारास उताराखालच्या वळणावर भरल्या ट्रॉलीचे चाक पंक्चर झाले. गंगाराम चाक काढत होता. टपाल वाटून परतणारा रघू पोस्टमन सायकलवरून उतार उतरत आला. ट्रॉलीच्या मागे दिवा लागलेला नव्हता. काळोखात त्याला ट्रॉली दिसलीच नाही. तो थेट चिऱ्यांवर आदळला.

माणसे धावली. कोणी रघूला उचलत होते. तेवढ्यात गंगारामने सुतळी तोडली आणि ती निकामी पिन माझ्यात खुपसली.

पोलीस जमादार आले, पाठोपाठ शेटही. शेट म्हणाले, "पिन लावलेली आहे, साहेब. बघा ना. वायरमननंच काम कच्चं केलं."

सहदेवला बोलावून आणले. त्याने माझ्यामागचे कव्हर उघडून दाखवले. "सायेब, हितली एक तरी तार हललेय काय? पिनेतल्या तारा ओढून तुटल्यायत. मी शेटना तीनदा सांगितलां होतां. गंगारामदा, तुमी सांगा ना!"

गंगाराम चाकाचे नट आवळायला खाली वाकला.

पंचनाम्यात लिहिले गेले: सदोष वायरिंग. त्या दिवशी मला तोंड असते तर!

रघूचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. सहदेव त्याला भेटायला दवाखान्यात गेला होता. रघूने भिंतीकडे तोंड फिरवले आणि "जा तू," एवढेच म्हणाला. हे सहदेवने ट्रॅक्टरपाशी उभे राहून गंगारामला सांगितले. गंगारामने तेव्हाही इंजिन चालू केले आणि तो निघून गेला.

पुढे सहदेवकडे कोणी काम आणीना. दुकान बंद करून नवराबायको मुंबईला गेली. गावात पुन्हा ती दिसली नाहीत.

दोन वर्षांनी शेटनी ट्रॅक्टर मंडणगडच्या सदूला विकला. सदूने आपल्या ट्रॉलीला नवी पिन लावली, ती माझ्यात बसवली. पहिल्याच फटक्यात सगळे दिवे लागले. सदू खूश झाला. निवळीचे कोणी ते बघायला तिथे नव्हते.

मित्रांनो, आता मी गंजलो आहे. झाकणाची स्प्रिंग गेली आहे. त्याचे मला दुःख नाही. वस्तू वेळेवर दुरुस्त करा, हे तर मी सांगणारच. पण तुमच्या आळसाने काही बिघडले, कोणाला इजा झाली, तर तसे कबूल करा. मला बोलता येत नव्हते. गंगारामला येत होते.