ओल्डमचा कस्तूर

"ए, शीळ कोण घालतंय रे तिकडे? घात करता का आज?"

पडद्यापलीकडून पियानोवाला ओरडला आणि बाबांनी ओठ मिटून घेतले. खरं तर शीळ वाजलीच नव्हती. नुसती हवा सुटली होती, किटलीला उकळी फुटायच्या आधी सुटते ना, तशी. पण रंगमंचामागे शीळ म्हणजे अपशकुन, हे सगळ्या खेळवाल्यांना जन्मापासून पाठ. मग तो रंगमंच बर्नलीच्या गिरणीत, कँटीनची टेबलं जोडून केलेला का असेना. आणि माझ्या बाबांना तर शीळच घालायची होती. रेडिओवर, थेट, अख्ख्या इंग्लंडला ऐकू जाईल अशी!

माझे बाबा, हर्बर्ट ग्रिमशॉ, एरवी ओल्डमच्या गिरणीत पिंजणखात्यात कापूस खातात आणि खोकतात. पण जेवणाच्या सुट्टीत गिरण्या-गिरण्यांतून होणारा हा रेडिओचा कार्यक्रम वर्षातून कधीमधी त्यांना बोलावतो. निवेदक म्हणतो, 'ओल्डमचा कस्तूर!' आणि मग कस्तूर पक्षी पहाटे गातो तशी शीळ घालत बाबा गाणी वाजवतात. त्यानंतर आठवडाभर खाटीक आम्हाला मटणाचा चांगला तुकडा देतो. माझं तोंड फार चालतं म्हणून एरवी ओरडणाऱ्या शाळेतल्या मिस पिलिंगबाईसुद्धा मला म्हणतात, "ग्रिमशॉ, ते तुझे वडील ना?" तेवढंच तर आहे आमच्याकडे मिरवायला.

घोळ झाला तो दातांचा. सरकारने कवळ्या फुकट केल्या आणि आमच्या गल्लीत जो तो दात काढून आला. किडलेले, धड, सगळे एकदम. पुढची कटकट मिटली. शेजारच्या एडामावशीला तर पूर्वीच, लग्नाची भेट म्हणून, तिच्या वडिलांनी पैसे मोजून सगळे दात काढवून कवळी करून दिली होती. बाबांचे दोनच दुखत होते. आई म्हणाली, "फुकट आहे तोवर सगळेच उरकून घे." घेतले उरकून. शीळ दातांच्या आधाराने वाजते, हे ना आईला सुचलं, ना दातांच्या डॉक्टरला, ना खुद्द कस्तुराला!

नवे दात छान आहेत, पांढरेशुभ्र, बाबांपेक्षा वीस वर्षांनी तरुण. पण तेव्हापासून बाबा परसातल्या संडासात कडी लावून बसतात आणि आतून नुसतं फू फू ऐकू येतं. आईला सांगतात, "येतेय हळूहळू." येत नव्हती. मला ठाऊक होतं, म्हणून तर शाळेत पोटदुखीचं सांगून मी त्यांच्याबरोबर आले होते.

"बाबा, मी वाजवते ना. पियानोमागे लपून. तू नुसते ओठ हलव." मला शीळ त्यांनीच शिकवलीय आणि मला ती फक्कड येते, खोटं कशाला बोलू?

"समोर एवढ्या बाया बसल्यात, एनिड. त्या काय आंधळ्या आहेत?"

"ऐकणारे तर आंधळेच ना! अख्खा देश!"

"गप बस पोरी. येईल. माणसं समोर बघितली की येईल." त्यांनी टाय सरळ केला. "आज नाही आली, तर परत बोलवायचे नाहीत ते."

तांबडा दिवा लागला, म्हणजे रेडिओवर आवाज जायला लागला. बाबा पुढे गेले. कोबीचा आणि गरम मीट-पाईचा वास, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायकांच्या रांगाच रांगा. पियानोने सुरुवात केली. बाबांनी ओठ जुळवले.

फू.

पियानो गिरकी घेऊन परत सुरुवातीला आला. पुन्हा फू. कार्यक्रमाचे साहेब, मिस्टर लमली, कडेला उभे होते. ते पांढरेफटक पडले. देशभर लोक रेडिओजवळ कान देऊन बसलेले आणि रेडिओवर नुसता पियानो!

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका जाड बाईचे ओठ हलले. आवाज नाही, फक्त ओठ. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून गिरणीतली माणसं अशीच बोलतात. आमच्या घरी तर जेवतानाही असंच चालतं.

"नवे दात का रे, राजा?"

बाबांचे ओठ हलले, "हो."

"मग काढ की मेल्या!"

बाबांनी खरंच कवळी काढली, रुमालात धरली. बायका खदाखदा हसल्या. घरोघरी लोकांना वाटलं असेल, काहीतरी विनोद झाला. बाबांनी पुन्हा ओठ जुळवले. आता तर हवासुद्धा धड सुटेना. हसू थांबलं. ती जाड बाई तोंडावर हात धरून बसली.

मग बाबा वळले. बोळकं तोंड, आत गेलेले गाल; माझे बाबा एकदम कुणाचे तरी आजोबा दिसायला लागले. मोठ्या कष्टाने त्यांचे ओठ हलले.

"पोरी. तू."

मी मायक्रोफोनपाशी धावले आणि वाजवलं. अगदी त्यांच्यासारखं, शेवटच्या लकेरीसकट. बाबांनी ओठ हलवले नाहीत. रुमाल मुठीत धरून ताठ उभे राहिले. एकही बाई माझ्याकडे बघत नव्हती, सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या. संपल्यावर त्यांनी लाकडी तळाचे बूट आपटून कँटीन दणाणून सोडलं.

"निभावलंत बुवा!" लमलीसाहेब घाम पुसत आले. "पुढच्या महिन्यात रॉचडेलला या पोरीलाच पाठव, हर्बर्ट. तुला कशाला उगाच खाडा?" चांगल्या मनानेच म्हणाले ते.

माझ्या पोटात आनंदाने फटाके फुटले. मग मी बाबांकडे बघितलं.

"येईल ती, साहेब," बाबा म्हणाले. दात अजून रुमालातच होते.

गल्लीत शिरताच मिसेस क्लेग दारातून ओरडल्या, "हर्बर्ट, आजच्यासारखं तर तू कधीच वाजवलं नव्हतंस!" आईचे डोळे भरलेले. "मी म्हटलं नव्हतं, सवय होईल?"

बाबांनी टोपी उचलली. "हो," म्हणाले.

संध्याकाळी परसातल्या भिंतीवर खरा कस्तूर येऊन बसला. रोज येतो. तो एक लकेर घ्यायचा, बाबा दुसरी. दात होते तोवर असंच चालायचं. आज त्याने आपली घेतली आणि मान तिरकी करून थांबला. बाबा दारात उभे होते. मला ती लकेर येत होती. मी खालचा ओठ दातांत घट्ट धरला.

कस्तूर बराच वेळ थांबला. मग उडाला.

बाबा आत गेले, पावाचा तुकडा घेऊन आले आणि कुस्करून भिंतीवर ठेवला.