हिल्काची अळंबीची सुरी

तौनोने चौतीस वर्षं बस चालवली आणि एकाही प्रवाशाला कधी खरचटू दिलं नाही. निवृत्तीनंतर मात्र त्याला सुऱ्या घडवण्याचा नाद लागला आणि पहिल्याच हिवाळ्यात तळहाताला नऊ टाके पडले. टेबलावरून घसरलेली सुरी त्याने वरच्यावर झेलली होती. बसमध्ये जन्मभर लोकांच्या घसरत्या पिशव्या झेललेल्या, तीच सवय भोवली.

त्याच दिवशी हिल्काने सौनेमागच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरामागच्या, त्याच्या कामाच्या खोलीला कुलूप ठोकलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. बायकोशी वाद घालून काही होत नाही, हे तौनोला चाळीस वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं. मग तो तोंड पाडून बसला. तळ्यावरचं बर्फ वितळलं, बर्चच्या झाडांना पालवी फुटली, तरी त्याचं तोंड काही वर येईना. जुलैत शेवटी हिल्काच कंटाळली.

"एकच सुरी बनव," ती म्हणाली. "माझ्यासाठी, अळंबी कापायला. मी समोर बसून बघणार. रक्ताचा एक थेंब सांडला, तर त्या खोलीत माझ्या आईचा माग येईल."

तो माग सतरंज्या विणायचा, चांगला पलंगाएवढा. तो आत आला की तौनो कायमचा बाहेर. त्याने मुकाट्याने मान डोलावली.

मग हिल्का रोज स्टुलावर बसू लागली, मांडीवर विणकाम, शेजारी कॉफीचा थर्मास, आणि नजर तिकीट तपासनिसाची. पहिल्याच दिवशी तिने स्वतः विणलेले लोकरी हातमोजे पुढे केले.

"घासायच्या यंत्रापाशी नकोत," तौनो म्हणाला.

"का? माझी वीण आवडत नाही?"

"फिरत्या पट्ट्यात धागा अडकला, तर पाठोपाठ हात आत जाईल. ते सौनेतून घरी जाताना घालीन."

हिल्काने गाल फुगवले, पण हातमोजे गुंडाळून ठेवले. पातं घासण्याआधी तौनोने लाकडाचा भुसा झाडून काढला, ठिणग्या पडतील तिथे पाण्याची बादली ठेवली, चष्मा लावला, मास्क चढवला. मास्क घातला की बायकोच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागत नाहीत, हा फायदा त्याला कुठल्याच पुस्तकात सापडला नव्हता.

मूठ बसवायच्या वेळी त्याने पात्याला जाड चिकटपट्टी गुंडाळली.

"हिला काय सर्दी झालीय?" हिल्काने विचारलं.

"धार झाकलीय. तुझ्या तोंडालाही लावू का थोडी?"

"लावून बघ, म्हाताऱ्या. माग तयारच आहे."

सहा आठवड्यांत सुरी झाली. बर्चच्या गाठीची पिवळसर मूठ, आखूड पातं, आणि टोक असं नाजूक की तौनो स्वतःशीच शीळ घालायला लागला. शनिवारी दुपारी त्याने मुठीला जवसाचं तेल चोळलं, पट्टी सोडली आणि सुरी हिल्कापुढे धरली. एवढी सगळी काळजी घेणाऱ्या माणसाने तेल मात्र पुसलं नव्हतं.

मूठ त्याच्या बोटांतून सटकली. तौनो जागचा हलला नाही. पण हिल्काचं विणकाम उडालं आणि तिचा हात सुरीखाली झेपावला.

"हात वर!" तौनो ओरडला. बसमध्येसुद्धा तो कधी असा ओरडला नव्हता. हिल्काचे दोन्ही हात पोलिसांपुढे उभं राहिल्यासारखे वर गेले. सुरी दगडी फरशीवर आपटली आणि तिचं नाजूक टोक मोडून कुठेतरी उडालं.

हिल्काने हात हळूहळू खाली घेतले.

"मला वाटलं, तुझी सहा आठवड्यांची मेहनत चालली जमिनीवर," हिल्का हळूच म्हणाली.

"जाऊ देत. सुरी दुसरी होते."

हिल्काने त्याचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, नऊ टाक्यांच्या खुणेवरून बोट फिरवलं, मग स्वतःचे हात पाहिले.

"वीस बोटं," ती म्हणाली. "सगळी आहेत."

तौनोने सुरी उचलली. टोक गेलेलं पाहून त्याला रडूच यायचं बाकी होतं. "हे आता गोल करावं लागणार."

"कर ना. अळंबीला काय भोसकायचंय?" हिल्काने गळ्यातली किल्ली काढून त्याच्या गळ्यात घातली. ती अजून तिच्या अंगाच्या उबेने कोमट होती. मग तिने स्टूल पुन्हा जागेवर ओढलं आणि खाली पडलेलं विणकाम उचललं.

"किल्ली तर दिलीस," तौनो म्हणाला. "आता कशाला बसतेस?"

"तेल पुसायची आठवण कोण करणार, म्हाताऱ्या?"