ओव्हलवर खेळलेला पुतण्या

माझा पुतण्या ओव्हलवर खेळला. क्रिकेट नाही. चेंडू लांबट, कपडे बिनबाह्यांचे, आणि एकाच्या खांद्यावर दुसरा चढला तरी पंच काही बोलत नाही. त्याला ऑस्ट्रेलियन फुटबॉल म्हणतात. मेलबर्नमध्ये म्हणे स्टेडियम भरभरून माणसं तो बघायला येतात. येत असतील. पण ओव्हलच्या गवतावर आमच्या घरातलं कुणी उतरायचंच होतं, तर तो माझा सुयश असायला हवा होता.

हे बोलून दाखवायची घरात सोय नव्हती. आमचे हे, श्रीनिवास, इथे लंडनमध्ये स्टॅनमोर स्टेशनवर भेटेल त्याला थांबवून सांगत सुटायचे, "आमचा कबीर, धाकट्या भावाचा मुलगा, प्रोफेशनल फुटबॉलर आहे." स्वतःच्या मुलाला काउंटीच्या अकादमीनं नारळ दिला, तेव्हा याच माणसानं "बरं झालं, आता ए-लेव्हलच्या परीक्षेकडे लक्ष देईल" म्हणून पेपर उघडला होता. सुयश लेगस्पिन टाकायचा. लहानपणापासून त्याला नेट्सला मी नेत होते, थंडीत गाडीत बसून राहत होते. सोळाव्या वर्षी अकादमीवाल्यांनी सांगितलं, पुढे जाईल असं वाटत नाही. दोन दिवस तो जेवला नाही, तिसऱ्या दिवशी जेवला आणि विषय संपला. आता बर्मिंगहॅमला बँकेत आहे, पगार चांगला आहे, आणि तो अगदी मजेत आहे. त्याचं ते मजेत असणंच मला सहन होत नाही.

कबीरचं नाव आलं, त्या दिवशी माझी धाकटी जाऊ वीणा हिचा मेलबर्नहून सकाळी फोन आला. तिकडे क्लब एकेक करून मुलं निवडतात आणि ते टीव्हीवर दाखवतात. "वहिनी, कबीरला घेतलं," एवढं बोलून ती रडायला लागली. मी म्हटलं, "अगं वा, पेढे पाठव." फोन ठेवला आणि ओटा घासायला घेतला. स्वच्छच होता, तरी घासला.

पुढे ऑर्कुट आलं आणि वीणाला ऊत आला. कबीर गोल मारताना, कबीर सही देताना, कबीर दोन माणसांच्या डोक्यावरून उडी मारून चेंडू झेलताना. त्या झेलाला मार्क म्हणतात, आणि कबीरची ती खासियत. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बायका विचारायच्या, "आसावरी, तो तुझा पुतण्या ना?" आणि मग पाणी पिऊन झाल्यावर, "आणि सुयश काय करतो हल्ली?" तो मधला 'आणि' मला आजपर्यंत पचलेला नाही.

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरमध्ये त्याचा क्लब लंडनला आला. त्यांचा सीझन संपला की दोन संघ इथे येऊन एक प्रदर्शनी सामना खेळणार होते. कबीर संघाबरोबर हॉटेलात राहिला. वीणा आठवडाभर आधी आमच्याकडे उतरली. माझ्या दिराला, उदयला, रजा मिळाली नाही. दसऱ्याला मंडळानं कबीरचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, आणि भाषण कुणी केलं, तर श्रीनिवासनी. टाळ्या मीही वाजवल्या. तळहात लाल झाले इतक्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी वीणा माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मान खाली घालूनच म्हणाली, "वहिनी, तुम्हाला म्हणून सांगते. या महिन्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय."

"मग नवीन करतील की."

"तेच तर ठरलेलं नाही. दोन वर्षं मांडीच्या हॅमस्ट्रिंगनं छळलं. निम्मे सामने तो रिझर्व्हमध्येच खेळला. कोच म्हणाला, लंडनला काय करतोस ते बघू आणि मग ठरवू. तेवीस वर्षांचा आहे हो. शाळा सुटल्यापासून दुसरं काही केलेलं नाही त्यानं. आता सोडलं तर पुढे काय, मला विचारच करवत नाही."

"होईल गं सगळं नीट," मी म्हटलं, आणि तिच्यासाठी चहा टाकला. वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मनात उकळ्या फुटत होत्या. आलं जरा जास्तच किसलं गेलं, आणि वीणा म्हणाली, चहा किती छान झालाय.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी कबीर जेवायला आला. सुयश बर्मिंगहॅमहून थेट आला. "आई, ट्रेन लेट झाला," म्हणत बॅग टाकली आणि कबीरला मिठी मारली. कबीर दारातून वाकून आत येतो, एवढा उंच. वाकून माझ्या पाया पडला. शिष्ट असता तर माझं काम सोपं झालं असतं, पण पोरगा गोड आहे. "काकू, आमटी superb आहे. अजून थोडा मिळेल?" म्हणाला. मी वाटी भरली. मग सुयशकडे वळून म्हणाला, "Remember, आमच्या बॅकयार्डमध्ये तू बॉलिंग करायचास? I never picked one. खरा टॅलेंट तू होतास, दादा. मी फक्त उडी मारतो."

सुयश हसला, श्रीनिवास हसले, वीणा हसली. मला मात्र त्यानं माझ्या मुलाच्या ताटात भीक घातल्यासारखं वाटलं. मी पोळ्या आणायला उठले.

ओव्हलवर त्या दिवशी सगळीकडे ऑस्ट्रेलियन. लंडनमध्ये एवढे राहतात हे मला माहीत नव्हतं. सुयशनं कबीरच्या क्लबचा स्कार्फ विकत घेऊन गळ्यात घातला होता. मी, माझ्या शेजारी वीणा, पलीकडे श्रीनिवास. पहिला क्वार्टर कबीर बाकावर बसून होता. वीणाचे ओठ सुकले होते, तरी ती मला नियम समजावत होती. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू गेला की गोल, मग पंच दोन झेंडे हलवतो. बाजूच्या खांबांमधून गेला तर एकच झेंडा आणि एकच गुण. मी ऐकत नव्हते. सुयशचा रनअप कुठून सुरू झाला असता, हे मी त्या गवतावर शोधत होते.

दुसऱ्या क्वार्टरला कबीर उतरला. अर्ध्या मैदानातून पळत जाऊन त्यानं गोल मारला. दोन झेंडे हलले. वीणानं माझा दंड असा धरला की रात्री वळ दिसले. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यानं ती उडी मारली, फोटोतली. समोरच्याच्या पाठीवर गुडघा टेकवला, वर गेला आणि चेंडू बोटांत अलगद धरला. सगळं स्टँड उठून उभं राहिलं. मागच्या माणसानं विचारलं, हा कोण? श्रीनिवास मागे वळून म्हणाले, "माय नेफ्यू, सर." सुयश ओरडून ओरडून घसा बसवून घेत होता. माझा मुलगा, ज्यानं इथे खेळायचं, तो स्कार्फ फिरवत होता.

तेव्हा मी मनात म्हटलं, आणि अगदी स्वच्छ शब्दांत म्हटलं: एकदा पड. सगळ्यांसमोर एकदा पड.

लगेच पडला नाही. चेंडू दोनदा इकडून तिकडे गेला. मग पुन्हा आमच्याच बाजूला उंच आला आणि कबीर पुन्हा उडाला. या वेळी हाताला काही लागलं नाही. एका पायावर उतरला आणि तो गुडघा आत वळला. पुढे तो उठलाच नाही, गवत मुठीत धरून पडून राहिला.

पहिला क्षण कसा होता ते सांगते. छातीत गार वाटलं. उन्हातून घरात आल्यावर वाटतं तसं. आणि नेमकी त्याच क्षणी वीणा आधारासाठी माझ्याकडे वळली. चेहरा सावरायला मला वेळ मिळाला नाही. तिनं पाहिलं, माझा दंड सोडला आणि पायऱ्या उतरून खाली पळाली. सुयश तिच्यामागे धावला.

गुडघ्यातला मुख्य लिगामेंट तुटला होता. स्कॅन झाल्यावर क्लबच्या डॉक्टरांनी सांगितलं की मेलबर्नला पोचल्यावर गुरुवारी ऑपरेशन, मग वर्षभर खेळायचं नाव नाही. कोच कबीरच्या खाटेपाशी आला, खांद्यावर हात ठेवून चांगलं बोलला. तो गेल्यावर कबीर आईला म्हणाला, "He didn't say we'll see. He said take care. संपला, आई." हे मला नंतर सुयशनं सांगितलं. सांगताना तो रडला. अकादमीनं काढलं तेव्हाही तो माझ्यासमोर रडला नव्हता.

विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं होतं. दुपारी सुयश त्या दोघांना आमच्याकडे घेऊन आला. कबीर सोफ्यावर पाय लांब करून पडला. सुयश त्याच्या पायाखाली उशा सरकवत होता. कालपासून वीणा माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, आणि मी तिच्या वाटेला जात नव्हते. भात केला, तो कुणी खाल्ला नाही. मग ती उठून माझ्यासमोर उभी राहिली.

"वहिनी, याची दृष्ट काढा."

"तूच काढ ना. आई आहेस."

"घरात मोठ्या तुम्ही. तुम्हीच काढा."

श्रीनिवासनी खुर्चीवर चढून स्मोक अलार्मची बॅटरी काढली. मी तवा तापत ठेवला आणि दोन्ही मुठींत मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या घेतल्या. सासूबाईंनी आम्हा दोघी जावांना शिकवलेली पद्धत एकच होती. मुठी डोक्यावरून पायापर्यंत उतरवायच्या आणि कुणाकुणाची दृष्ट लागली असेल ते नात्यानं म्हणत जायचं. नाव घ्यायचं नाही, पण एकही नातं सोडायचं नाही. आणि पुरं होईपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नाही.

कबीरनं डोळे मिटले. मी सुरू केलं. आल्याची, गेल्याची, वाटेवरच्याची. शेजाऱ्याची, पाजाऱ्याची. आईची, बापाची. आजीची, आत्याची. आत्याची म्हटलं आणि मी मामीवर गेले. मामीची, मावशीची, मित्राची.

"काकूची राहिली, वहिनी," वीणा म्हणाली.

माझे हात कबीरच्या छातीवर थांबले. सुयश माझ्याकडे बघत होता. वीणाच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी चार शब्द सुनावले असते, ते मला येतं. ती कबीरच्या पायापाशी जमिनीवर बसली होती, एक हात त्याच्या पट्टी बांधलेल्या गुडघ्याजवळ, आणि माझ्याकडे बघतही नव्हती. माझ्या मुठींकडे बघत होती.

"काकूची," मी पुटपुटले.

"नीट म्हणा," ती म्हणाली. "गुरुवारी ऑपरेशन आहे त्याचं."

मी मुठी पुन्हा त्याच्या डोक्यावर नेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "काकूची."