दूध छातीत उतरत नाही

खाटकीण एउफेमियाकडे मी मेंढीची फुफ्फुसं मागितली तेव्हा तिनं विचारलं, "कुत्र्यासाठी का, बाई?"

"चौथीच्या पोरांसाठी."

"अगं बाई! शाळेतलं जेवण इतकं बिघडलं?"

हसत हसत तिनं घसा, फुफ्फुसं, जठर आणि आतडी असं सगळं एकमेकांना जोडलेलंच घमेल्यात घालून दिलं. मला तेच हवं होतं. पुस्तकातल्या चित्रात एक पाइप निळा, एक लाल. पोरं ते पाठ करून विसरून जात. हाताला लागलेलं विसरत नाहीत.

आमची हुआयरापाता गावची शाळा खाणीच्या तोंडाखालीच आहे. वर्गात सव्वीस पोरं, त्यातल्या तेवीसजणांचे बाप डोंगराच्या पोटात कामाला. मीही याच गावची.

घमेलं टेबलावर ठेवताच मागच्या बाकावरचा एकजण "शीः" म्हणाला आणि लगेच सगळ्यांच्या पुढे येऊन उभा राहिला.

"घशात दोन नळ्या आहेत," मी दाखवलं. "ही पुढची कडक, कड्याकड्यांची. ही हवेची. तिच्यामागे ही मऊ, चपटी. ही घासाची. आणि हे इथलं झाकण बघा. गिळताना हवेच्या नळीवर हे पडतं, म्हणून घास चुकत नाही. कधी चुकला तर काय होतं?"

"ठसका!"

"बरोबर. म्हणून तोंडात घास घेऊन बोलू नका."

मग आम्ही मागच्या नळीत पेलाभर पाणी ओतलं. ते जठरात उतरलं, पिशवी फुगली. इथं घास घुसळून लापशीसारखा होतो, मी सांगितलं, मग या लांबलचक आतड्यात त्याचं सत्त्व रक्तात शोषलं जातं, उरलेलं बाहेर. आतडं उलगडायला पाच पोरं लागली. ती व्हरांड्यात पोचली तरी ते संपेना. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली.

शेवटी हवेच्या नळीत मी रबरी नळी बसवली. "कोण फुंकणार?"

लुस्मिला कोल्के पुढे आली. नऊ वर्षांची, काटकुळी. तिनं गाल फुगवून फुंकलं आणि विटकरी रंगाची ती मलूल फुफ्फुसं पहाटेच्या आभाळासारखी गुलाबी होत वर आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. लुस्मिलानं मात्र नळी सोडली नाही.

"बाई, पाणी इथं का नाही आलं?"

"ते घासाच्या नळीनं गेलं ना. पोटात."

"सगळंच? दूधपण?"

"दूधपण."

"मग दगडाची धूळ कुठून जाते?"

खोटं बोलता आलं असतं. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की जीभ रेटेना.

"ती हवेबरोबर जाते. जाड धूळ नळीतल्या केसांसारखे बारीक कुंचे झाडून वर आणतात. आपण खोकतो, थुंकतो. अगदी बारीक असते ती मात्र टोकाच्या फुग्यांपर्यंत पोचते. तिथं बसते. मग ते फुगे कडक होत जातात."

"आणि दुधानं धुऊन नाही निघत?"

"नाही, बाळा."

गावात सगळेच मानतात की खाणीतून आल्यावर गरम दूध प्यालं की छातीतली धूळ धुतली जाते. माझ्या आईनं माझ्या वडिलांना अठरा वर्षं पाजलं. ते बेचाळिसाव्या वर्षी गेले, आणि ती अजून म्हणते, शेवटी शेवटी दूध कमी पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घंटा व्हायच्या आधी, लुस्मिलाचा बाप दारात उभा. देल्फीन कोल्के, ड्रिल चालवणारा. खांदे दाराएवढे, गालात थकवा मारायला खाणकामगार चघळतात त्या कोकाच्या पानांचा तोबरा.

"तुम्ही माझ्या पोरीला काय शिकवलंत?"

"काय झालं?"

"काल तिनं माझा दुधाचा पेला उचलला आणि धाकट्याला पाजला. आबेलला. तिची आई ओरडली तर म्हणते कशी, 'बाबांच्या छातीत जातच नाही ते, पोटात जातं. मग आबेलच्या पोटात गेलं तर काय बिघडलं?' आईनं तिच्या मुस्काटात दिली." तो थांबला, खोकला. खोकला लवकर थांबेना. "घरात पोरांच्या वाटची एक गोष्ट माझ्यासाठी बाजूला काढतात, बाई. सात वर्षं. आणि तुम्ही म्हणता फुकट?"

मला माफी मागायची होती. पण कशाची? मी त्याला मागच्या व्हरांड्यात नेलं. थंडीत फुफ्फुसं टिकली होती; दुसऱ्या तुकडीसाठी मी ती झाकून ठेवली होती. दोन्ही नळ्या दाखवल्या. त्यानं तोबरा थुंकला, हात पँटला पुसले, ते झाकण बोटानं उघडून मिटून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"लुस्मिलानं हे फुगवलं म्हणे."

"हो."

त्यानं रबरी नळी तोंडात धरली. मी 'राहू द्या' म्हणायला हवं होतं. त्यानं फुंकलं, एक कोपरा जेमतेम हलला. दुसऱ्यांदा फुंकलं आणि खोकल्यानं त्याला असं दुमडलं की तो भिंत धरत खाली बसला. डोळ्यांत पाणी, ओठ निळसर.

"माझ्या पोरीनं फुगवलं," तो एवढंच म्हणाला.

भिंतीला धरून उठत त्यानं विचारलं, "आता माझ्या छातीत असले किती फुगे चालू असतील?"

"मला सांगता येणार नाही. ओरुरोला मोठ्या दवाखान्यात जा, छातीचा फोटो काढून घ्या. मी चिठ्ठी देते."

तो दोन आठवड्यांनी गेला. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि सांगितलं की दगड बसलाय, तो निघत नाही, पण आणखी बसू द्यायचा नसेल तर ड्रिल आजच सोडा. देल्फीननं आज सोडलं नाही, महिन्यानं सोडलं. आता तो खाणीच्या फाटकावर पहारा करतो.

त्याची बायको ग्रेगोरिया मला बाजारात भेटली. बटाट्यांच्या पोत्यांमागून तिनं मला अडवलं.

"पूर्वी तो पेला रिकामा करायचा आणि घोरायचा," ती म्हणाली. "आता पडल्या पडल्या छातीवर हात ठेवतो नि श्वास मोजतो. मी कुशीवर वळले तरी विचारतो, 'माझा ऐकू येतो का गं?' मला हे आधी ठाऊक नव्हतं तेव्हा मी सुखात होते, बाई. तुम्ही चांगलंच केलंत, डॉक्टर म्हणाले. पण माझ्याकडून आभार नका मागू."

"मी मागत नाही."

"दूध आता पोरांना देते," ती पोतं उचलत पुटपुटली आणि निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

माझ्या आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. वडिलांच्या फोटोपुढे ती अजून दुधाचा पेला ठेवते. मी समोर बसून असते. सव्वीस पोरांपुढे जे बोलता आलं ते तिच्यापुढे येत नाही.

देल्फीनला पहाऱ्याची पाळी दुपारची असली की तो लुस्मिलाला सकाळी शाळेत सोडायला येतो. त्यांचं घर खाली नदीकाठी, शाळा वर. चढाला सहा वळणं आहेत. मी खिडकीतून बघते. प्रत्येक वळणाला लुस्मिला खाली बसते आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधते, हळूहळू, दोन्ही पायांची. बाप शेजारी कमरेवर हात देऊन उभा राहतो आणि खोटं खोटं रागावतो, "किती वेळ लावतेस गं, बाई घंटा देतील!"

"झालंच, बाबा," ती म्हणते, आणि मान वर करून त्याच्याकडे बघते. त्याची छाती शांत होईपर्यंत ती उठत नाही.

मी घंटा जरा उशिराच देते.