खिशातलं वजन

मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातला वजनकाटा बोलतोय. कारखान्यात चोख पारखून मला बाहेर पाठवलं, तेव्हा जन्मभर खोटारडा म्हणवून घ्यावं लागेल, हे कुणी सांगितलं नव्हतं. लोक माझ्यावर चढण्याआधी चपला काढतात, पाकीट काढतात. एक गृहस्थ तर चष्माही काढतात. वर श्वास रोखतात. एवढं करून आकडा पटला नाही, की काटा बिघडलेला!

वयात येणाऱ्या मुलांची वार्षिक तपासणी ही तर माझी करमणूक. तपासणी मुलांची, उत्तरं आयांची.
"झोप?"
"छान."
"जेवण?"
"अगदी व्यवस्थित."
पोरं बिचारी स्वतःची तब्येत आईच्या तोंडून ऐकतात.

परवा एक नववीतली मुलगी जाड जाकीट घालून माझ्यावर चढली. नर्स म्हणाली, "जाकीट काढ गं."
"राहू दे हो, तिला थंडी वाजते," आईनं परस्पर सांगितलं. आकडा पाहून तर ती खुलली. "बघा, वाढलंय! लोक उगाच वाळली वाळली म्हणतात."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आई, तुम्ही जरा बाहेर बसा. या वयाच्या मुलांशी मी थोडं एकटीनं बोलते."
"आमच्यात काही लपवाछपवी नाही हो!"
"मग तर काळजीच नाही," म्हणत बाईंनी दार लावलं.

पाळी, चक्कर, भूक... बाई हळूहळू विचारत गेल्या.  शेवटी पोरीनं जाकिटाच्या खिशातून एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवली. कपाटाचं पितळी कुलूप, पेपरवेट, खलबत्त्यातला बत्ता. जाकीट काढून ती पुन्हा चढली आणि माझा आकडा कितीतरी खाली आला. माझ्याकडे सगळे वजन लपवायला येतात. ही नसलेलं दाखवायला आली होती.

"मी डबा फेकून देते," ती रडत म्हणाली. "आईला नका ना सांगू."
"सांगावं लागेल, बाळा. दुखणं अंगावर काढण्यातलं नाही हे. तू सांग, मी शेजारी आहे."

आई आत आली. नजर थेट टेबलावर. "अगं बाई, हे कुलूप इथे? महिनाभर घर पालथं घातलंय मी याच्यासाठी!"

आईबाबांनो, तुमच्या शोधकपणाला माझा नमस्कार. फक्त एक विनवणी आहे. कधीतरी पोरीसाठीही घर पालथं घाला.

त्या आईनं लेकीला खाली उतरवायला तिचा दंड धरला. बोटं पलीकडे अंगठ्याला टेकली. मग मात्र तिनं कुलपाकडे वळूनही पाहिलं नाही.