टेबलावर पाणी सांडू नका

आमच्या घरात वजनकाटा एकच. दर रविवारी त्यावर आधी शिसमाची एक फळी चढायची आणि मग नाना. फळीचं वजन उतरायला हवं होतं आणि नानांचं वाढायला. प्रत्यक्षात दोन्ही उतरत होती, आणि माझं डोकं फिरत होतं.

नाना म्हणजे माझे वडील, दत्तात्रेय. वय एक्याऐंशी. झाशीच्या लक्ष्मी तलावाजवळच्या देवळात पन्नास वर्षं पूजा केली, पण कधी कोणाकडे काही मागितलं नाही. घरातसुद्धा मीठ कमी पडलं तर तसंच जेवतील. मी अगदी उलटी. सिविल लाइंसमधल्या माझ्या कचेरीत फाइल अडली की मी उठून त्या टेबलाशी जाऊन उभी राहते. माझा नवरा मुकुल नोकरीसाठी साताऱ्याहून झाशीला आला आणि आमच्याच घरात राहिला. त्याला घरजावई म्हटलं की चिडतो, म्हणून मी मुद्दाम म्हणते.

दोन वर्षांपूर्वी वैशाखातल्या आंधीत परसातलं शिसम आडवं झालं. नानांनी स्वतःच्या लग्नाच्या वर्षी लावलेलं झाड. लाकडाच्या वखारीचा टालवाला ट्रॅक्टर घेऊन हजर झाला, त्याला मी दारातूनच हाकललं. मुकुलनं जवळच्या बबीना गावातल्या एका मित्राकडून साखळीची करवत आणली, ओंडक्यावर अॅल्युमिनियमची शिडी ठोकली आणि तिच्या आधारानं करवत सरळ चालवत घरातल्या घरात दीड इंची फळ्या पाडल्या. आठवडाभर वरणातसुद्धा भुसा लागत होता. तडकू नयेत म्हणून फळ्यांच्या टोकांना उरलासुरला रंग फासला, मध्ये पट्ट्या घातल्या आणि त्या पडवीत रचून ठेवल्या. इंचाला एक वर्ष, असा लाकूड वाळायचा हिशेब. मला काही घाई नव्हती तेव्हा.

मग गेल्या श्रावणात नाना न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी घेऊन चालू लागले, पण डॉक्टरांनी जमिनीवर बसायला कायमची बंदी घातली. तोवर नाना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाटावर बसून जेवत. आता पलंगावर, मांडीवर थाळी. चार घास खायचे आणि थाळी सरकवायची.

"भूक नाही गं, रेवती."

बासष्ट किलोंचे अठ्ठावन्न झाले. तपासण्या केल्या, काही निघेना. मुकुलनं बाजारातून प्लास्टिकचं टेबल आणलं. नाना त्याच्याशी बसले, चार घास खाल्ले आणि उठले. मी हातघाईवर आले तेव्हा कुठे म्हणाले, "आपल्या शिसमाचं होऊ दे. त्यावर बसेन."

नानांनी आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. आणि ते वाळत नव्हतं!

सकाळी चहाआधी मी पडवीत. कचेरीतून आले की चप्पल न काढता पडवीत. दीड वर्ष उलटलं तरी फळी दर रविवारी पावशेरानं हलकी होतच होती, म्हणजे आत ओल होतीच. शेजारचे सुतार मिस्त्रीजी कुंपणावरून हसायचे. "लकरिया खों तनक सूकन दो, बिन्नू!" लाकूड थोडं वाळू दे, बाई, म्हणे. मी काय चूल पेटवून बसले होते? तिकडे नाना चोपन्नवर आले होते. त्यांचं धोतर दोनदा कमरेवरून घसरलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

जानेवारीत लागोपाठ तीन रविवार फळीचं वजन हललं नाही. चौथ्या रविवारची वाट मी पाहिली नाही. संध्याकाळी रंधा, सुट्टीच्या दिवशी करवत. मुकुल मापं तीनतीनदा घ्यायचा आणि मी त्याच्या अंगावर खेकसायचे. मिस्त्रीजींनी पायांचे सांधे बसवून दिले. शेवटी पॉलिश. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं हात द्यायचा, वाळवायचा, घासायचा, पुन्हा हात. अकरा दिवस, अकरा हात. शिसमाच्या काळ्या-तांबूस रेषा अशा उठल्या की मीच हरखले.

"पानी से बचइयो," मिस्त्रीजी म्हणाले. लाखेवर पाणी राहिलं की पांढरा डाग पडतो.

झालं, मला तेवढंच पुरलं. मुकुलनं ओला पेला ठेवला, मी ओरडले. दूधवाल्याचं पातेलं आलं, मी ओरडले. "टेबलावर पाणी सांडू नका!" तेव्हापासून घरात दुसरं वाक्य नव्हतं. नानांच्या खोलीचं दार टेबलासमोरच आहे.

अक्षय्य तृतीयेला नानांना टेबलाशी बसवलं. साधं वरण, भात, तूप, आंब्याची डाळ. नानांनी कडेवरून हात फिरवला. मग फुलपात्रातलं पाणी उजव्या तळहातावर घेतलं. हात थाळीजवळ गेला आणि थांबला. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाणी परत फुलपात्रात सोडलं. ओला हात धोतराला पुसला.

चार घास.

"भूक नाही गं, रेवती."

माझा तोल गेला. "नऊ महिने, नाना! नऊ महिने मी या लाकडामागे जिवाचं रान केलं. आता तरी सांगा, काय कमी आहे?"

"काही नाही. फार देखणं झालंय." नाना थाळीकडेच बघत होते. "ओलं नको व्हायला."

चित्राहुती. जेवणाआधी थाळीभोवती पाणी फिरवायचं, उजवीकडे भाताची चार शितं ठेवायची आणि मग पहिला घास. मुंजीपासून हा माणूस त्याशिवाय जेवला नव्हता. अंथरुणावर ते करता येत नव्हतं, प्लास्टिकवर मन घेत नव्हतं. पाटाशेजारची ती ओली जागा आणि ती शितं रोज मीच पुसायचे. नऊ महिने पुसली नव्हती, आणि माझ्या लक्षातही आलं नाही. फळी मात्र दर रविवारी तोलत होते.

मला माझीच भयंकर लाज वाटली. मी फुलपात्र उचललं आणि नानांच्या तळहातावर पाणी ओतलं. अर्धं पाणी पॉलिशवर सांडलं.

"अगं, डाग—" नाना म्हणाले.

"पडू दे डाग, नाना. फिरवा."

नानांनी डोळे मिटले. ओठ हलले. पाणी थाळीभोवती फिरलं, उजवीकडे चार शितं पडली. मुकुल सवयीनं फडकं घेऊन धावत आला.

"पुसू नकोस!" मी ओरडले.

तो जागच्या जागी थांबला. नाना जेवत होते. मान खाली घालून, एकामागून एक घास. थाळीतला भात संपला, वरण संपलं, आंब्याची डाळ बोटानं निपटली. मग त्यांनी मान वर केली.

"भात आण आणखी," नाना म्हणाले. "आणि तूप वाढताना हात आखडू नकोस."