नंदाखालचा मसाला

सुरुचीने आर्याला खांद्यावरून हळूच गादीवर उतरवलं, तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल वाजवून तान्हीला उठवायचं नाही, हे कॅथरिन आंटींच्या बरोबर लक्षात असायचं. नंदाखाल गावाहून रिक्षाने येऊन, तीन जिने चढून त्या दारात धापा टाकत उभ्या होत्या. पिशवीत तीन बाटल्या होत्या.

बाटल्यांवरची लेबलं सुरुचीनेच केलेली. गेल्या मे महिन्यात आंटींच्या अंगणात मिरच्या वाळल्या, कुटणाऱ्या बायका आल्या, धुतलेल्या बिअरच्या बाटल्यांत मसाला ठासून भरला गेला. तो इंटरनेटवर विकायची कल्पना सुरुचीची. लेबलावर आंटींचं नाव, वय आणि पत्ताही तिनेच हौसेने घातला. लोकांना कळू दे, कुणाच्या हातचा आहे.

मसाला गणपतीतच संपला. संपला की संपला, आता पुढच्या मेमध्ये, ही आंटींची रीत. ऑर्डरी मात्र थांबेनात, आणि ‘शिल्लक नाही’ असं लिहायला सुरुचीचा हात उचलेना. परेशने, तिच्या नवऱ्याने, सातिवलीच्या एका कारखान्याच्या गाळ्यातून तयार मसाल्याचं पोतं आणलं. रिकाम्या बाटल्या होत्याच. लेबलंही उरली होती.

एकदाच, असं तेव्हा दोघं म्हणाले होते. त्याला सहा महिने झाले.

आंटी पाणी न पिताच सांगत सुटल्या. पुण्याहून दोन बाटल्या परत आल्या, नाशिकहून एक. पुण्याच्या एका बाईने पत्रात लिहिलं होतं की एवढ्या वयाच्या माणसाने लोकांना फसवू नये. ते वाक्य त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं. मग एक बाटली उघडून चिमूटभर मसाला तळहातावर घेतला आणि सुरुचीच्या नाकापुढे धरला.

“बघ बाय. नागकेसर लागतच नाय. दगडफूल पन नाय.”

“लागतंय की थोडं,” सुरुची म्हणाली.

“तू मायेपोटी बोलते.” आंटी हसल्या. “मीच घालायची विसरली. अठ्ठावीस जिन्नस आयने तोंडी शिकवले, कदी लिवून नाय ठेवले. आता डोकं ऱ्हायलं नाय.”

कुटणाऱ्या बायकांना त्या कालच सांगून आल्या होत्या, यंदा येऊ नका. आता एकच काम होतं. सुरुचीचं अक्षर चांगलं, तिने त्या पुण्याच्या बाईला चार ओळी लिहायच्या: म्हातारीची चूक झाली, माफ करा.

सुरुचीने कागद घेतला. पत्ता लिहिला. ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं. पेन तिथेच थांबलं.

“लिव ना,” आंटी म्हणाल्या.

“ह्या बाटल्या तुमच्या नाहीत, आंटी.” ती कागदाकडेच बघत होती. “तुमचा मसाला गणपतीतच संपला. हा मी भरलाय. सातिवलीचा आहे.”

सुरुचीने मान वर केली, तेव्हा आंटी बोटांची पेरं मोजत होत्या. ओठ हलत होते. धणे, तीळ, खसखस, मायपत्री... मध्ये कुठेही न अडखळता त्या अठ्ठावीसपर्यंत गेल्या.

“म्हंजे मी नाय विसरली?”

“नाही.”

“काय पन नाय विसरली,” आंटी स्वतःशीच म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळला की सुरुचीला बघवेना. त्यांनी पदराने डोळे टिपले, पुन्हा हसल्या.

त्या कधी रागावतात याची सुरुची वाट बघत राहिली.